पेटी की पूल

६ ऑक्टोबर १९८२, बुधवार

आलं ते: नवा तांदूळ दहा किलो — ३,९०० येन (गेल्या वर्षीपेक्षा महाग, पण दाणा सरस). टोफूच्या दोन वड्या — १६०. देवघराच्या मेणबत्त्या, एक खोका — २५०. शेवंतीची फुलं — शेजारच्या उमेकाकूंच्या परसातली, फुकट. आणि टोक्योहून सरकारी जोडकार्ड — तेही फुकट. उत्तराच्या अर्ध्या भागावर तिकीट आधीच छापलेलं!

कार्ड वाचून मी स्वयंपाकघरातच खाली बसले. सरकार दर वर्षी गरीब देशांना मदत देतं. त्यातला नेपाळच्या एका डोंगरी जिल्ह्याचा हिस्सा कशावर खर्च करावा, हे या खेपेला आमच्या तोयामा प्रांतातल्या नऊ साध्या माणसांना विचारणार आहेत. रस्ते-पूल, शाळा, दवापाणी, शेती — कशाला किती. त्या नवांत मी!

महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी नाव दिलं होतं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा रीतीप्रमाणे म्हटलं, छे, मला काय कळतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, माझ्यापेक्षा शहाण्या पुष्कळ आहेत. तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हटलं. खरं तर पहिल्यांदाच हो म्हणायचं होतं. पण तसं कोण म्हणतं?

कार्ड आधी देवघरातल्या आमिदा बुद्धांच्या मूर्तीपुढे ठेवलं, नाव घेतलं, मग ह्यांना दाखवलं. हे गुडघ्याला लेप लावत बसले होते. "सरकारनं तुझी भाजीची वही पाहिलेली दिसते," म्हणाले. "आता नेपाळातही आमटीत मीठ मोजून पडणार."

७ ऑक्टोबर

'येणार'भोवती गोल केला, 'गैरहजर' खोडलं, टपालात टाकलं. परत येताना वाटेत उगाच सगळ्यांना नमस्कार करत आले.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

आज पहिली बैठक झाली. कुठून सुरुवात करू? डोकं अजून भणभणतंय.

मला वाटलं होतं, मोठमोठे तक्ते असतील. टोक्योचे साहेब म्हणजे कुरोसे नावाचा तिशीतला मुलगा, शर्टाला कडक इस्त्री. त्याने टेबलावर भाताचे चार वाडगे मांडले. प्रत्येकावर चिठ्ठी — रस्ते-पूल, शाळा, दवापाणी, शेती. आणि आम्हा प्रत्येकाच्या हातात गो नावाच्या पटावरच्या खेळातल्या दहा दहा काळ्या सोंगट्या दिल्या. "ही त्या जिल्ह्याची सगळी मदत. आपापल्या मनाने वाटा." एवढ्या मोठ्या कामाला वाडगे आणि सोंगट्या! मला तर घरातच बसल्यासारखं वाटलं. मी तरी महिन्याच्या एक तारखेला दुसरं काय करते?

अध्यक्ष इवाकुरा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी दहाच्या दहा शाळेत टाकल्या. एक रस्त्यांचे कंत्राटदार आहेत, मोठ्या आवाजाचे. त्यांनी दहाच्या दहा रस्त्यात टाकल्या. गुरुजी म्हणाले, "आपला धंदा तिथेही चालू दिसतो." कंत्राटदार म्हणाले, "आपलाही."

माझी पाळी आली. सोंगट्या मुठीत घामेजल्या होत्या. मी म्हटलं, वाटण्याआधी एक सांगू का. आणि आमच्या औषधपेटीचं सांगितलं. इथल्यांना सांगायची गरज नव्हती, टोक्योच्या साहेबाला होती. तोयामाचा औषधवाला दूरदूरच्या घरांत औषधांची भरलेली पेटी ठेवून येतो, पैसे न घेता. वर्षाने परत जातो. जेवढं वापरलं तेवढ्याचेच पैसे, आणि पेटी पुन्हा भरायची. मुलांना कागदी फुगा. आमचे हे तीस वर्षं पाठीवर गाठोडं घेऊन तेच करत होते, गुडघा गेला म्हणून गेल्या वर्षी थांबले. मी म्हटलं, त्या डोंगरातल्या घराघरात अशी पेटी ठेवा. औषध वाया जात नाही, पैसा वाया जात नाही.

कुरोसे लिहिता लिहिता थांबला. "बाई, पण वर्षभर कुणी आजारीच पडलं नाही तर? सरकारी पैसा मार्चअखेर संपलाच पाहिजे."

"आणि उरला तर?"

"पुढच्या वर्षी कमी मिळतो."

"म्हणजे काटकसर केली की शिक्षा?"

सगळे हसले, तो सुद्धा हसला. मग म्हणाला, "काही तरी वाट काढू. कल्पना फार चांगली आहे."

दुसऱ्या फेरीत गुरुजींनी शाळेतल्या निम्म्या सोंगट्या उचलून दवापाण्यात टाकल्या. मग बाकीच्यांनीही. कंत्राटदारांनी सुद्धा तीन टाकल्या! दवापाण्याचा वाडगा शिगोशीग. शेवटचा कौल तीस नोव्हेंबरच्या बैठकीत, पण कुरोसे म्हणाला, आता फारसं बदलत नाही.

सरकारी जेवणाच्या डब्यातला मासा ह्यांच्यासाठी रुमालात बांधून आणला. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं — मी एकटीच हसत होते.

२० ऑक्टोबर

प्रांताच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या! 'गृहिणीची सूचना.' उमेकाकूंनी कापून आणून दिलं, मी आमच्या अंकातलंही कापलं.

हे म्हणाले, "कल्पना बरी आहे. मला आगगाडी होती, एवढंच."

खवचटपणा. आपली पेटी सरकारात गेली याचा आनंद झालाय, पण सांगवत नाही.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

कुरोसेचा टोक्योहून फोन! आमच्या त्या जिल्ह्यातलीच एक मुलगी इथे आली आहे — सुईण-परिचारिका, शहरातल्या इस्पितळात सहा महिने शिकायला. दोन रात्री तिला ठेवून घ्याल का? "पेटी तिला नीट दाखवा. तिने हो म्हटलं की टोक्योत माझं काम सोपं."

लांबचा फोन, मिनिटाचे पैसे पडतात, म्हणून नको एकदाच म्हटलं आणि लगेच हो म्हटलं.

गादी उन्हात टाकली. शोजीचा, सरकत्या दाराचा, फाटका कागद बदलला. नेमके ते दिवस आमच्या पंथाच्या गुरूंच्या स्मरणाचे आहेत, घरी पुजारी आणि शेजारी जेवायला. आमच्याकडे काय काय करतात ते तिला बघायला मिळेल.

२० नोव्हेंबर, शनिवार

आली. इंद्रकला लिंबू. ठेंगणी, मजबूत, हसताना तोंडावर हात धरत नाही. आमची भाषा सावकाश बोलते, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा. देवघरापुढे न सांगता बसली आणि डोकं टेकवलं. मला तिथेच आवडली. मला 'आई' म्हणते!

चहा दिला. "आणखी?" "नको आई, पुरे." ओतला. तांदळाच्या चिकट वड्या भाजून दिल्या. "नको, पोट भरलं." अजून दोन वाढल्या. खाल्ल्या बिचारीने, एकही उरवली नाही.

मग पेटी काढली. एकेक खण उघडून दाखवला — तापाची पुडी, खोकल्याची, पोटाच्या काळ्या कडू गोळ्या. तिने प्रत्येक गोष्ट हातात घेतली, वास घेतला, नाव वाचलं. माझी तर छाती फुगली. ती म्हणाली, "फार हुशारीचं काम आहे, आई." आणि मग खण बंद करून — "पण आम्हाला नको."

किती गोड! इतक्या दूरची पोर, आणि एवढ्यात रीत शिकली. आमच्या लग्न झालेल्या मुलीसुद्धा हल्ली पहिल्याच खेपेला घेऊन मोकळ्या होतात.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "ती नको म्हणाली."

"अहो, पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात."

"मी तुला मागणी घातली तेव्हाही?"

"तेव्हा आईने बजावलं होतं, चारदा म्हण म्हणून."

"आणि मी आपला पाचव्यांदा आलो. मूर्ख."

२१ नोव्हेंबर, रविवार

पाय दुखतायत, पण काय दिवस गेला! पहाटे पहिला वाफाळता भात मूर्तीपुढे. दहाला पुजारी आले, पाठ झाला, नेहमीच्या ठिकाणी मी आणि उमेकाकू याही वर्षी रडलो. मग पानं. डोंगरासारखा भात, लाल कडधान्य आणि मुळ्याची आमटी, अळकुड्या, तळलेला टोफू, कोंबू या समुद्री शेवाळाच्या गुंडाळ्या. एकूण खर्च वहीत लिहिलाय, इथे नको. आजचा दिवस मोजायचा नाही.

इंद्रकला माझ्या शेजारी. प्रत्येक वेळी वाडग्यावर हात धरून "नको आई." प्रत्येक वेळी मी हाताखालून वाढलं. सगळे कौतुकाने बघत होते. पुजारी म्हणाले, "फार संस्कारी मुलगी."

दुपारी ती माझ्याबरोबर भांडी पुसत होती. म्हणाली, "आई, आमच्या गावाला एक नदी आहे—" तेवढ्यात शेजारचे, त्या कंत्राटदारांचे बंधू, निघायला उठले, मी तिच्या हातात बांधून द्यायची पानं दिली आणि दारात गेले. राहूनच गेलं.

संध्याकाळी पेटीचं दुसऱ्यांदा विचारलं. "नको आई." हसूनच.

झालं, उद्या तिसऱ्यांदा विचारते! कुरोसेला दुपारी फोन लावायचा.

२२ नोव्हेंबर, सोमवार

आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या मी हे गोड करून लिहीन.

सकाळी इंद्रकला उठली नाही. अंथरुणात पोट धरून, कपाळावर घाम. मी धावत पेटी आणली — दाखवायची पेटी, ती आता खरोखर उघडली. काळ्या गोळ्या कोमट पाण्याबरोबर दिल्या. तिने तोंड वाकडं करून गिळल्या. जरा वेळाने डोळे उघडून मला म्हणाली, रागाने नाही, अगदी साधं —

"आई, मी नको म्हटलं होतं."

मी म्हटलं, "अगं, मला वाटलं संकोच."

"नाही. माझी आई सांगायची, एकदा बोल आणि खरं बोल. मी एकदाच बोलते. तुम्ही विचारत राहिलात म्हणून परत परत बोलले."

"मग खाल्लंस कशाला?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने वाढत होता."

मी तिथेच उशाशी बसले. बाहेर हे अंगण झाडत होते, झाडूचा आवाज ऐकू येत होता. मी विचारलं, "आणि पेटी?"

"पेटीही नकोच म्हटलं होतं, आई."

मग तिने सांगितलं. मी मध्ये चहाचंही विचारलं नाही.

तिचा दवाखाना नदीच्या एका काठाला. कपाटात औषधं आहेत, बऱ्यापैकी आहेत. गावं दुसऱ्या काठाला. मध्ये तारेला टांगलेला पाळणा, त्यात बसायचं आणि हाताने तार ओढत जायचं. पावसाळ्यात पाणी तारेला लागतं, तेव्हा पाळणा बंद. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या काठावर एका बाईचं बाळंतपण अडलं. लोकांनी तिला पाण्यापर्यंत आणलं. इंद्रकला इकडच्या काठावर उभी. ओरडून सांगत होती, असं झोपवा, असं धरा. पाण्याच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. मग तिने हातांनी दाखवायला सुरुवात केली. संध्याकाळी तिकडच्या लोकांनी बाईला पांढऱ्या कापडात गुंडाळलं, तेव्हा ती हात खाली करून घरी गेली.

"पेटी चांगली आहे," म्हणाली. "पण पेटीतून बाळ निघत नाही. आणि दर वर्षी पेटी भरायला नदी कोण ओलांडणार?"

मला आगगाडी होती, एवढंच — हे म्हणाले होते. मी त्याला खवचटपणा म्हटलं होतं.

दोन दिवस ती माझ्या घरात होती. मी तिला काय हवं हे एकदाही विचारलं नाही. नुसतं वाढत होते.

२३ नोव्हेंबर

ती बरी आहे. पेज दिली. "आणखी?" "नको." भांडं उचलून आत ठेवलं. फार जड गेलं.

३० नोव्हेंबर, मंगळवार

झालं! झालं एकदाचं! कसं झालं ते लिहिते. अजून कानशिलं गरम आहेत.

रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. मागच्या सोंगट्यांसकट वाडगे मांडल्याबरोबर उभी राहिले. "माझी पेटीची सूचना मी मागे घेते. ह्या पैशातून पूल बांधावा."

सगळे हसू लागले — चांगलं, मायेचं हसू. गुरुजी म्हणाले, "त्सुचिदाबाई, इतका विनय कशाला? वर्तमानपत्रातसुद्धा आलं आहे."

मी म्हटलं, "विनय नाही. ती मुलगी माझ्या घरी होती. ती स्वतः म्हणाली, आम्हाला नको."

"ती म्हणणारच," गुरुजी म्हणाले. "पाहुणी आहे. चांगल्या घरची दिसते." आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

देवा! आठ दिवसांपूर्वीची मीच माझ्यासमोर आठ खुर्च्यांवर बसले होते.

तिसऱ्यांदा म्हटलं, "मी खरंच सांगते आहे." हे तर आपण सगळे म्हणतोच, मनात नसलं तरी! कंत्राटदार उठले, माझ्याकडे बघून वाकले, आणि स्वतःच्या राहिलेल्या सोंगट्याही दवापाण्यात टाकल्या. "बाई, आता तरी घ्या," म्हणाले. टाळ्या पडल्या. कुरोसे आनंदाने लिहीत होता.

मग मी जे केलं ते मला अजून खरं वाटत नाही. टेबलापर्यंत गेले. दवापाण्याचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला, आणि सगळाच्या सगळा रस्ते-पुलांच्या वाडग्यात उपडा केला. सोंगट्या उसळून टेबलावर, जमिनीवर, गुरुजींच्या मांडीत. दुसऱ्यांचा वाडगा, न विचारता! आईने पाहिलं असतं तर तोंड लपवलं असतं.

बोलणारं कुणी नव्हतं म्हणूनच मला बोलता आलं. नदीचं सांगितलं. तारेचं सांगितलं. ती काठावर उभी राहून हातांनी दाखवत होती, ते मीही हातांनी दाखवलं.

गुरुजींनी मांडीतल्या सोंगट्या एकेक करून वेचल्या. वेचताना चष्मा काढला. आणि स्वतःच्या हाताने पुलाच्या वाडग्यात टाकल्या.

कंत्राटदार खाकरले. "झुलत्या पुलाला काही रस्त्याइतका खर्च येत नाही," म्हणाले. "तार तेवढी लागेल, दगड आणि हात स्थानिक. उरलेल्या गुरुजींच्या शाळेत टाका. पूल झाला की पोरंही त्यावरूनच जातील."

"आपण शाळेला देताय?" गुरुजी.

"लिहून ठेवा, परत होणार नाही."

कुरोसेने आधीचं पान फाडलं नाही, फक्त त्याच्यापुढे नवं लिहिलं. निघताना दारात मला म्हणाला, "बाई, आमच्या खात्यात वाडगा उपडा करायची पद्धत नाही. असती तर बरं झालं असतं."

१ डिसेंबर

"वाडगा फुटला का?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"मग सरकारचं नुकसान नाही." आणि जरा वेळाने, झाडूला टेकून — "आगगाडीचं मी नीट सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, "आणि मी नीट ऐकायला."

दुपारी उमेकाकू दोन मुळे घेऊन आल्या. घ्या म्हणाल्या, मी पहिल्याच खेपेला घेतले. चकित होऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

१० डिसेंबर, शुक्रवार

इंद्रकला आज गेली. स्टेशनवर वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ पुढे केली. "नको आई, सामान फार झालंय." माळ पिशवीत परत ठेवली. ती खो खो हसली आणि म्हणाली, "एक चालेल." एक तोडून दिलं. पूल होणार आहे असं सांगितलं तर तिने माझे दोन्ही हात धरले, गाडी हलेपर्यंत सोडले नाहीत.

बर्फ पडायला लागलंय. मला कधी नव्हे ते थंडी वाजत नाही.

२० डिसेंबर, सोमवार

आलं ते: कुरोसेचं पत्र. पूल मंजूर. पण — दुसऱ्या देशाने रीतसर मागितल्याखेरीज आपलं सरकार काही देत नाही, आणि तिकडून औषधांची मागणी आलेली आहे, पुलाची अजून आलेलीच नाही. फेब्रुवारीअखेर आली नाही तर पहिल्या बैठकीचा कौल धरतील. म्हणजे माझी पेटी.

गेलं: परदेशातून उत्तर मागवायचं कूपन, नववर्षाच्या माशाच्या पैशातून. मासा लहान आणू. सोबत हे लिहिलं —

इंद्रकला, तुझं नको मला ऐकू आलं, उशिरा का होईना. आता तुमच्या कचेरीत जाऊन बस आणि पूल मागायला लाव. आमच्यासारखं आधी दोनदा नको म्हणू देऊ नकोस, तेवढा वेळ नाही. एकदाच मागा. मागितलं की उलट टपाली कळव.